दौंडचा चुना, शिरूरचे लिंबू

आमची मुलगी सातवीत आहे. शाळा मराठी, पण विज्ञान आणि गणित इंग्रजीतून, म्हणजे सेमी इंग्रजी. दिवाळीच्या सुट्टीआधी एका संध्याकाळी ती पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अम्मी, लिंबूपाण्यात नळीने फुंकर मारली की ते दुधासारखं पांढरं होतं म्हणे. मी दोनदा करून बघितलं. काहीच होत नाही."

पुस्तकात शब्द होता 'लाइम वॉटर'. पोरीने त्याचे सरळ लिंबूपाणी करून टाकले होते. आम्ही तिला सांगितले, बेटा, हे लिंबाचे पाणी नव्हे, चुन्याची निवळी. इंग्रजीत कागदी लिंबालाही लाइम म्हणतात आणि चुन्यालाही लाइम. ती चिडलीच. "दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव का ठेवलं?"

नाव कोणी मुद्दाम ठेवलेले नाही. दोन वेगळ्या घरांतून आलेले दोन शब्द चालता चालता एकसारखे झाले. चुन्याचा लाइम हा इंग्रजांचा जुना घरचा शब्द. त्याचा मूळ अर्थ चिकट लेप. लिंबाचा लाइम मात्र आपल्या बाजूने गेलेला. संस्कृतात निंबूक, फारसीत लीमू, अरबीत लीम आणि लैमून, आणि तिथून तो युरोपात पोहोचला. आपली मराठीही काही कमी नाही. लिंब म्हणजे कडुनिंब, लिंबू म्हणजे आंबट फळ. लिंबोळी कडुनिंबाची आणि लिंबोणी लिंबाची. परगावचा माणूस इथे हमखास गोंधळतो.

हे सगळे समजावताना आम्हा दोघांना हसू येत होते. आमच्या घरात एकाचे घराणे दौंडच्या तांबोळ्यांचे आणि दुसरीचे माहेर शिरूरच्या बागवानांचे. तांबोळी म्हणजे पान, सुपारी, कात, चुना. बागवान म्हणजे भाजी, फळे आणि बारा महिने लिंबू. निकाहाच्या दिवशी एका मामूंनी भर मंडपात म्हटले होते, "चुन्याच्या घरात लिंबू चाललंय, आता फेस येणार!" मग ठरवले की या सुट्टीत पोरीला दोन्ही 'लाइम' जागेवर नेऊन दाखवायचे. आधी ददिहाल दौंड, मग ननिहाल शिरूर.

पुण्याहून दौंडला जाणारी सकाळची गाडी धरली. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस, अशी स्टेशने पाठ म्हणत आम्ही लहानपणी हा प्रवास केला आहे. यवत मागे पडले की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. दौंड हे जंक्शन. सोलापूरकडे जाणारा मार्ग आणि मनमाडकडे जाणारा मार्ग इथे फुटतात. मनमाडचा फाटा १८७८ चा. त्या काळी रेल्वेच्या पुलांचे आणि इमारतींचे दगडी बांधकाम चुन्यातच होई. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ साली घेतले गेले होते खरे. पण हिंदुस्थानात पोरबंदरला सिमेंटचा कारखाना चालू झाला तो १९१४ साली. तोवर, आणि खेड्यांत तर त्यानंतरही कितीतरी वर्षे, भिंत उभी राहायची ती चुन्यावर किंवा मातीवर.

आमचे दौंडचे दुकान लहानसे. आता ते पुतण्या चालवतो. वय एकोणीस. डाव्या डोळ्याच्या बुबुळावर पांढरा डाग आहे. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात. त्याची गोष्ट पुढे सांगतो. आधी चुना कसा होतो ते.

आमच्या लहानपणी चुना दुकानात तयार मिळत नसे, घरी विरवावा लागे. भट्टीतून कळीचा चुना यायचा. पांढरे, हलके, कोरडे खडे. चुनखडी भट्टीत खूप तापवली, साधारण नऊशे अंशांच्या पुढे, की तिच्यातला कर्बवायू उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. दादी परसात मातीचा मोठा माठ मांडायच्या, त्यात खडे घालायच्या आणि लांब दांड्याच्या लाकडी पळीने अंतर राखून पाणी ओतायच्या. क्षणभर काही व्हायचे नाही. मग माठातून सूं असा आवाज, वाफ, आणि खाली जाळ नसताना पाणी खदखदा उकळू लागे. आम्हा पोरांना परसाच्या उंबऱ्याच्या आत उभे राहण्याचा हुकूम. "जिसकी नजर गई उसकी नजरीच गई," असे दादी म्हणत. त्या बोलण्यातले गांभीर्य तेव्हा कळले नाही.

चुना दोन-तीन दिवस निवला की फडक्यातून गाळायचा आणि वर पाणी राखून झाकून ठेवायचा. उघडा राहिला तर हवेतला कर्बवायू पुन्हा शोषून घेतो आणि दगड होतो. भिंतीवरचा चुना वर्षानुवर्षे घट्ट होत जातो तो यामुळेच. म्हणजे दगडाचा चुना आणि चुन्याचा पुन्हा दगड, असा तो फेरा आहे. वर साचणारे स्वच्छ पाणी म्हणजे निवळी. पोरीने त्याच दुपारी पेल्यात निवळी घेऊन नळीने फुंकर मारली. पाणी गढूळ, मग दुधाळ झाले. तिच्या श्वासातल्या कर्बवायूने निवळीतल्या चुन्याची पुन्हा चुनखडी केली होती. नळी ओढायची नाही, फक्त फुंकायची, हे आम्ही तिच्याकडून तीनदा वदवून घेतले होते. डोळ्यांवर चष्माही होता.

पानाच्या व्यवहारात खरी कसोटी चुन्याचीच. दादी म्हणायच्या, "चुना जास्ती हुआ तो जुबान जलती, कम हुआ तो रंग नै आता." कात आणि सुपारी यांना लाल रंग चढतो तो चुन्यामुळे. गिऱ्हाइकाला कळू न देता भलतेच काही माथी मारले तर मराठीत चुना लावला म्हणतात. तांबोळ्याच्या दुकानात बसून ही म्हण ऐकायला आम्हाला मजा वाटे, कारण आम्ही तर दिवसभर चुनाच लावायचो, तोही गिऱ्हाईक मागून घ्यायचे.

शेजारच्या हिंदू घरांतून हळदीसाठी चुना नेला जाई. हळद आणि चुना एकत्र आले की पिवळ्याचे लालभडक होते. जुने घरगुती कुंकू असेच होई. पाय मुरगळला की हळद-चुन्याचा लेप आमच्या घरी आणि त्यांच्या घरी सारखाच. पोरीला आम्ही हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद दिला. त्यावर चुन्याचे बोट लावले की लाल रेघ. त्याच रेघेवर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळी. चुना अल्कली, लिंबू आम्ल. एवढ्यावर तिचा निम्मा धडा झाला.

पण तांबोळ्याच्या घरातूनच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तंबाखूत चुना मळतात तो उगाच नाही. चुन्यामुळे तंबाखूतले निकोटिन मोकळे होते आणि तोंडाच्या कातडीतून झटकन रक्तात जाते. व्यसन लवकर जडते ते त्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले की पान-सुपारीचा विडा, तंबाखू असो वा नसो, कर्करोगाला कारण ठरतो. आमचे मरहूम अब्बा शेवटच्या वर्षांत तोंड पुरते उघडू शकत नसत. दोन बोटेही आत जात नव्हती. आयुष्यभर दुसऱ्याला पान लावून देणाऱ्या माणसाला आम्ही चमच्याने पेज भरवली. आज दुकानात पानही आहे, सुपारीही आहे, पोट आहे. पुतण्याने तंबाखू मात्र काढून टाकली. कमाई घटली, तो म्हणतो, "चालतंय."

आता त्याच्या डोळ्याची गोष्ट. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. घरी चुना विरवणे बंद होऊन प्लास्टिकच्या पुड्या आल्या होत्या. पुडी गुबगुबीत, लेकराच्या मुठीत बरोबर मावणारी. त्याने ती खेळता खेळता दाबली. पुडी फुटली आणि चुन्याची चिळकांडी थेट डाव्या डोळ्यात.

घरात एकच गलका. कोणी म्हणाले तूप घाला. कोणी दूध आणायला धावले. शेजारची एक जाणती बाई म्हणाली, "लिंबू पिळा, आंबटाने चुन्याचा जोर मरतो." सांगणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात वाईट नव्हते. लिंबू चिरलेसुद्धा होते. इतक्यात दादी आल्या. त्यांनी पोराचे डोके बगलेत धरले, नळाखाली घातले आणि ओरडल्या, "पानी! खाली पानी! दुसरा कुछ नको!" पोर आकांत करत होते आणि त्या पापणी वर करून धार सोडत होत्या. हात कापत होते, पण त्यांनी नळ बंद केला नाही.

पुढे रुग्णालयात डॉक्टरांनी पापणीच्या आत अडकलेले चुन्याचे कण काढले. त्यांनी आम्हाला समजावले ते प्रत्येक घराला माहीत असावे. आम्लाने डोळा भाजला तर इजा बहुधा वरच्या थरावर थांबते. चुन्यासारखी अल्कली मात्र आत आत शिरत जाते. म्हणून पहिली काही मिनिटेच डोळ्याची असतात. जवळ असेल त्या स्वच्छ पाण्याने, पापणी उघडी धरून, निदान अर्धा तास डोळा धुवायचा, आणि मग लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. लिंबू, तूप, दूध, मध, सुरमा यांतले काहीही नाही. लिंबू पिळले असते तर भाजलेल्या डोळ्यात आम्लाची आणि उष्णतेची भर पडली असती. डाग राहिला, नजर अंधुक झाली. पण डोळा वाचला, अल्हम्दुलिल्लाह. घरातल्या सगळ्यांत कमी शिकलेल्या बाईने तो वाचवला.

दुसऱ्या दिवशी पुतण्यालाही सोबत घेऊन आम्ही शिरूरला निघालो. पाटस, चौफुला, पारगाव, न्हावरा असा रस्ता. या भागात गुऱ्हाळे पुष्कळ. केडगावच्या बाजूने गुळाचा वास गाडीच्या काचेतून आत येतो. एका गुऱ्हाळावर थांबलो. भल्या मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत होता, खाली चिपाडांचा जाळ. गुळव्याने डब्यातून पांढरट पाणी रसात सोडले. पोरीने विचारले, "हे काय?" तो म्हणाला, "चुन्याची निवळी."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. गुळात चुना! गुळव्याने समजावले: रस मुळात किंचित आंबट असतो. तसाच आटवला तर गूळ नीट बसत नाही, पाझरतो. निवळीने आंबटपणा मोडतो आणि रसातली घाण गोळा होऊन मळी वर येते. ती झाऱ्याने काढायची. भेंडीच्या झाडाचा चिकट रसही त्याचसाठी घालतात. "पण चुना जास्त पडला की गूळ काळा. मग व्यापारी हात लावत नाही." साखर कारखान्यांतही हेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. पाटसचा भीमा कारखाना काय, न्हावऱ्याचा घोडगंगा काय, रस स्वच्छ करायला चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर हीच पद्धत. आपण चहात टाकतो त्या साखरेच्या प्रत्येक दाण्याला वाटेत चुना भेटून गेलेला असतो.

पारगावला भीमा ओलांडली की शिरूर तालुका. नदीकाठच्या काळ्या जमिनीत पांढरे, खडबडीत खडे दिसतात. ती चुनखडी. आपला हा मुलूख काळ्या कातळाचा; इथे चुन्याच्या दगडाचे डोंगर नाहीत. म्हणून जुन्या काळी नदी-ओढ्यांच्या काठचे हेच खडे वेचून भट्टीत भाजत. लोणारी समाजाचा हा पिढीजात धंदा. मग तो चुना घाणीत दळायचा. घाणी म्हणजे गोल दगडी चर आणि त्यात बैल फिरवत असलेले जाडजूड दगडी चाक. वाळू-चुना एकजीव होईपर्यंत दळायचे. कुठे गुळाचे पाणी, कुठे हिरड्याचे पाणी, कुठे बेलफळाचा गर घालायचा. वाडे, बारवा, देवळे, मशिदी, सगळे याच घाणीतून उभे राहिले. चुना मळणारे हात कोणाचे होते आणि आत प्रार्थना कोण करणार होते, हे घाणीने कधी विचारले नाही.

वाटेतल्या एका गावात नमाजासाठी थांबलो. छोटी जुनी मशीद. जमातीने मोठ्या प्रेमाने वर्गणी काढून जुना चुन्याचा गिलावा खरवडून काढला होता आणि आतून-बाहेरून सिमेंट केले होते. दोन पावसाळ्यांत भिंतीला ओल धरली, पोपडे सुटले. तिथले एक वयस्कर गवंडी चाचा म्हणाले, "चुन्याची भिंत श्वास घेते. ओल आत आली तशी बाहेर जाते. सिमेंटने तिचं नाक दाबलं." पैसा खर्चून भिंत आजारी झाली. जुन्या दगडी मशिदीची किंवा वाड्याची डागडुजी करणाऱ्यांनी आधी जुन्या गवंड्याला विचारावे, एवढेच आम्ही म्हणू.

मशिदीच्या मागे कब्रस्तान होते. कच्च्या कबरी, वर मातीचे उंचवटे, कडेला तरवड. कबरीवर चुन्याचा गिलावा करण्यास मनाई करणारी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. जिवंत माणसाच्या घराला चुना आणि मेलेल्याच्या घराला माती, असा हा हिशेब. पुतण्या दादींच्या आठवणीने थोडा वेळ तिथे हात उचलून उभा राहिला. त्यांची कबर दौंडला आहे, तीही कच्चीच.

त्या गावातून निघताना शाळेच्या मैदानावर पोरे कबड्डीसाठी फक्की मारत होती. तीच पांढरी फक्की ईदच्या आदल्या दिवशी आमच्या ईदगाहवर सफा आखायला लागते. सकाळी दव पडलेले असते आणि हजारभर माणसे त्या पांढऱ्या रेघांना टाचा लावून उभी राहतात. नमाज संपते, रेघा पायांखाली पुसल्या जातात.

दुपारी शिरूरला पोहोचलो. गाव घोड नदीच्या काठी, म्हणून जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. नदीपलीकडे नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. दौंडलाही तसेच, भीमेपलीकडे नगर. घोड नदी पुढे भीमेलाच मिळते. म्हणजे आमचे सासर आणि माहेर एकाच पाण्याने जोडलेले आहे.

शिरूर, श्रीगोंदा, कर्जत हा पट्टा कागदी लिंबाचा. कागदी म्हणायचे ते कागदासारख्या पातळ सालीमुळे. नानींच्या ओसरीवर गोणी ओतलेली होती. हिरवी, पिवळसर, पिवळी असे तीन ढीग लागत होते. मामू दोन्ही हातांनी पाच-पाच लिंबे उचलून मोजत होते. बोलत राहूनही मोजणी चुकत नव्हती. हिरवे लिंबू लांबच्या बाजाराला, पिवळसर पुण्याच्या मार्केट यार्डात, पिवळे गावात आणि लोणच्याला. पोरगी मोजायला बसली आणि चौथ्या मिनिटाला चुकली. मामेभावाने तिला लिंबूटिंबू ठरवून टाकले. खेळात ज्याच्यावर राज्य येत नाही त्या धाकट्याला मराठीत लिंबूटिंबू म्हणतात. तिला राग आला, पण शब्द आवडला.

बागवानाच्या घरी लिंबाचे काहीच वाया जात नाही. रस सरबताला, बिर्याणीच्या कांद्याला, मासळीला. मेंदी भिजवताना लिंबू पिळतात, कारण आंबटपणाने पानातला रंग सुटतो. सालीने तांब्याची भांडी निघतात. उरलेल्याचे लोणचे, जितके जुने तितके गुणाचे. बाजारात लिंबू-मिरची दारावर टांगायला नेणारेही गिऱ्हाईक असतेच. मामू त्यालाही हसून देतात. "आम्ही खाण्यासाठी विकतो, टांगायचं त्याचं तो बघेल." समुद्रावरच्या खलाशांच्या हिरड्या सडून माणसे मरत, त्यावर लिंबू-संत्र्याने उतार पडतो हे जेम्स लिंड या ब्रिटिश डॉक्टरने १७४७ साली जहाजावर प्रयोग करून दाखवले. पुढे ब्रिटिश खलाशांना लिंबाच्या रसावरून 'लायमी' असे टोपणनावच पडले.

भावाची गोष्ट निघाली तेव्हा मामूंनी २०२२ चा एप्रिल आठवला. रमजान ऐन उन्हात आला होता आणि किरकोळीला एका लिंबाचे दहा रुपये पडत होते. इफ्तारच्या सरबतात लोक लिंबू सोडून रंगीत सरबत घालू लागले. "दर वाढला की लोक बागवानाला शिव्या देतात," मामू म्हणाले, "पण त्या दिवशी माझ्याकडेही माल नव्हता." उन्हाळ्याचे लिंबू हस्त बहाराचे. त्यासाठी पावसाळा सरता सरता झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. पाऊस लांबला की ताण बसत नाही, फूल येत नाही, आणि सहा महिन्यांनी बाजारात लिंबू सोन्याचे होते.

संध्याकाळी मामू आम्हाला ज्यांची बाग ते घेतात त्या शेतकऱ्याकडे घेऊन गेले. वीस बाय वीस फुटांवरची झाडे, एकरी शंभराच्या आसपास. एका कोपऱ्यातली आठ-दहा झाडे मात्र पिवळी पडली होती. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. शेतकरी म्हणाले, "केवडा पडलाय. खाली चुनखड आहे." जमिनीत मोकळा चुना फार असला की लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. त्यांनी मातीचा एक पांढरा खडा उचलला, लिंबू चिरून त्यावर पिळले. खड्यावर बारीक बुडबुडे उठले. आमच्या निकाहातला फेस पोरीने प्रत्यक्ष पाहिला!

"म्हणजे चुना लिंबाचा दुश्मन," ती म्हणाली.

"थांब," असे म्हणून शेतकऱ्यांनी तिला पलीकडच्या ओळीत नेले. तिथे झाडांचे बुंधे दोन-अडीच फूट उंचीपर्यंत निळसर पांढऱ्या लेपाने रंगवलेले होते. लिंबाला डिंक्या नावाचा रोग होतो. बुरशीने बुंध्याची साल कुजते, डिंक वाहतो, झाड वाळते. त्यावर बोर्डो पेस्ट लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद बुरशी मारते, पण नुसते लावले तर सालही जाळते. चुना त्याची जळजळ शमवतो आणि लेप धरून ठेवतो. मुळाशी जास्त झाला तर झाड मारणारा चुना बुंध्याला मापात लावला तर झाड राखतो. दादींची पानाची गोष्ट, गुळव्याची गुळाची गोष्ट आणि ही बागेची गोष्ट ऐकून पोरगी गप्प झाली.

तेवढ्यात पलीकडे एक मजूर बादलीत कळीचा चुना टाकून वरून पाणी ओतायला वाकला. विशीतला पोरगा, तोंड बादलीवर. पुतण्या जवळजवळ पळतच गेला. त्याने पोराचा दंड धरून त्याला मागे ओढले. पोरगा दचकला. पुतण्याने काही बोलण्याआधी आपला डावा डोळा त्याच्यासमोर धरला. मग खिशातून प्लास्टिकचा बंद चष्मा काढला आणि त्याच्या हातात दिला. तो चष्मा त्याच्या खिशात नेहमी असतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. शेतकऱ्यांनी खाली मान घातली आणि म्हणाले, "उद्या चार आणतो."

परतताना मामूंनी दोन शेर लिंबे बांधून दिली. दौंडला पुतण्याला सोडताना दुकानाकडे पुन्हा नीट पाहिले. चुन्याच्या पुड्या सगळ्यात वरच्या फळीवर, लेकराचा काय, बुटक्या माणसाचाही हात पोहोचणार नाही अशा. खाली पुठ्ठ्यावर त्याच्याच अक्षरात लिहिले होते: 'चुना लेकराच्या हातात देऊ नका. डोळ्यात गेला तर फक्त पाणी. अर्धा तास. मग डॉक्टर.'

घरी आल्यावर पोरीने तेच वाक्य वहीच्या पानावर उतरवून आमच्या स्वयंपाकघरात नळाच्या वर चिकटवले. विज्ञानाच्या वहीत तिने 'लाइम वॉटर'समोर कंसात मराठीत लिहिले आहे, 'दादीच्या माठातलं, नानीच्या गोणीतलं नाही.' बाईंनी त्यावर लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढले आहे. उद्या शाळेत जाऊन सगळी गोष्ट सांगणार म्हणते.

वाचक बंधू-भगिनींनी आज एवढेच करावे. घरात चुना असेल, पानाचा, भिंतीचा किंवा शेतीचा, तर तो आता कुठे ठेवला आहे, हे उठून एकदा पाहून यावे.